उत्तर माहीत असूनही थांबायचं कसं? नव्या शिफ्ट इन्चार्जसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात तुम्ही १० वर्षं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, ऑपरेटर होतात. सहा महिन्यांपूर्वी शिफ्ट इन्चार्ज झालात. हाताखाली १८ माणसं, त्यातली निम्मी कॉन्ट्रॅक्टची. शिफ्टभर या मशीनवरून त्या मशीनवर पळता, तरी रिजेक्शन, म्हणजे बाद होणाऱ्या पिसांचा आकडा, जागचं हलत नाही. प्रत्येक जण प्रत्येक गोष्ट तुम्हालाच विचारायला येतो. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ते आता तोंडावर हो म्हणतात आणि करायचं तेच करतात. वर साहेब म्हणतात, "टीमला कोच कर, नुसतं काम करत बसू नकोस." कोच कर म्हणजे नेमकं काय कर, ते मात्र कोणी सांगत नाही.

मी स्वतः १२ वर्षं शॉप फ्लोअरवर काढली, त्यातली सात सुपरवायझर म्हणून. त्यानंतर भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात सुपरवायझर आणि डिपार्टमेंट हेड लोकांबरोबर हेच काम करतोय. तुमच्यासारखा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो, आणि दर वेळी त्या माणसाबद्दल आपुलकी वाटते. कारण तो आळशी नसतो, उलट सगळ्यात जास्त राबणारा तोच असतो.

सगळे तुम्हालाच विचारतात, कारण तुम्ही लगेच उत्तर देता. चांगलं देता, बरोबर देता. १० वर्षं तुम्हाला पगार त्याचाच मिळाला: मशीन अडलं की सोडवायचं. आता पगार वेगळ्या कामाचा आहे. १८ माणसांनी आपापलं मशीन सोडवावं, हे बघण्याचा. हात मात्र जुनीच सवय घेऊन पॅनेलकडे जातो.

भोसरीतल्या एका कारखान्यातला एक दिवस सांगतो. मशीनिंग सेक्शनचे हेड, कामात पक्के, सगळ्यांना हवेहवेसे. मी सकाळपासून त्यांच्या मागे उभा होतो आणि कोणी काही विचारलं की खिशातल्या डायरीत एक रेघ मारत होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ३१ रेघा झाल्या. सुट्टीत मी विचारणाऱ्यांतल्या दहा-बारा जणांना बाजूला घेऊन म्हटलं, "साहेब आज रजेवर असते तर काय केलं असतंस?" बहुतेकांनी साहेबांनी दिलं होतं तेच उत्तर दिलं. म्हणजे उत्तर त्यांच्याकडे होतं. विचारून घेतलं की जबाबदारी साहेबांची, म्हणून ते येत होते.

सुट्टीनंतर मी त्या हेडना एकच विनंती केली. पुढचा माणूस आला की दोन्ही हात पाठीमागे घ्या आणि विचारा, "तुला काय दिसतंय?" मग तो बोलेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही.

दहा मिनिटांत एक ऑपरेटर आला. "साहेब, लांबी कमी येतेय, ऑफसेट मारू?" म्हणजे मशीनमध्ये भरलेलं टूलचं माप थोडं सरकवू का. साहेबांचा उजवा हात निम्म्यापर्यंत वर आला, मग मागे गेला. "तुला काय दिसतंय?" तो गोंधळला. मशीनकडे बघितलं, हातातल्या पिसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मनात आकडे मोजत होतो, ११ झाले. शॉप फ्लोअरवर ११ सेकंद फार लांब असतात, साहेबांच्या कपाळावर शीर दिसायला लागली होती. मग तो म्हणाला, "सगळे कमी येत नाहीत साहेब. चारात एखादा येतो. ऑफसेट मारला तर बाकीचे तीन लांब जातील."

"मग?"

"मागच्या स्टॉपरवर चिप, कापलेल्या धातूचा कीस, बसतेय. पीस पूर्ण टेकत नाही, थोडा पुढे राहतो, म्हणून फेस जास्त कापला जातो. एअर गन मारली तरी कोपऱ्यातली चिप निघत नाही."

त्याने आणि फिटरने मिळून कूलंटचा एक नोझल स्टॉपरच्या दिशेने वळवला. पंधरा मिनिटांचं काम होतं. त्या पार्टचं लांबीचं रिजेक्शन गेले तीन आठवडे सकाळच्या मीटिंगमध्ये गाजत होतं. साहेबांनी त्याला विचारलं, "हे आधी बोलला का नाहीस?" तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मी सांगायच्या आत तुम्ही ऑफसेट मारून पुढच्या मशीनला गेलेले असता."

ते वाक्य ऐकून साहेब बराच वेळ गप्प होते. मला विचाराल तर त्यांचं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

तुम्हीही इथूनच सुरुवात करा. मात्र प्रश्न विचारण्यातही एक मेख आहे आणि ती आपल्या भाषेतच आहे. मराठीत "का" हा शब्द माणसाच्या अंगावर जातो. "का केलंस असं?" हे ऐकल्यावर समोरचा कारण शोधत नाही, बचाव शोधतो. लहानपणापासून घरात आणि शाळेत "का" आपल्याला चूक झाल्यावरच विचारला गेलाय. वर सांगितलेल्या प्रसंगातही "आधी बोलला का नाहीस" म्हटल्याबरोबर त्याची मान खाली गेली. टोयोटामध्ये पाच वेळा "का" विचारायची जी पद्धत प्रसिद्ध आहे, ती आपल्याकडे अनेक ठिकाणी उलटी फिरते ती याच कारणाने. तो "का" मशीनला, पद्धतीला विचारायचा असतो. इथे तो माणसाला विचारला जातो आणि पाचव्या "का"ला माणूस रडकुंडीला येतो. म्हणून मी सुपरवायझरना सांगतो, निदान पहिले सहा महिने "का" बाजूला ठेवा. "काय दिसलं?", "कधीपासून?", "कोणत्या पिसापासून फरक पडला?", "आत्तापर्यंत काय करून बघितलंस?" हे चार प्रश्न पुरतात. टोयोटाचे ताइइची ओनो नव्या इंजिनिअरला जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात तासन्‌तास उभं करायचे, नुसतं बघायला, असं सांगतात. बघणं आधी, कारण नंतर.

आता उलटी बाजू. ज्याला काम येतच नाही त्याला "तुला काय वाटतं?" विचारणं म्हणजे त्याचा अपमान आहे. परवा आलेल्या ट्रेनीला शिकवायचं असतं. कोचिंगची पुस्तकी माहिती घेऊन आलेले लोक इथे सर्रास चुकतात, सगळ्यांना एकच औषध देतात. म्हणून माणसासमोर उभं राहिल्यावर आधी ठरवा: याला येत नाही, की येतं पण जमत नाही, की जमतं पण करायचं नाही? पहिल्याला शिकवा. दुसऱ्याला काय अडवतंय ते शोधा. तिसऱ्याशी बोला. तिसरा वाटतो त्यापेक्षा फार कमी वेळा भेटतो.

शिकवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे शिकवणं म्हणजे "बघ मी कसं करतो" एवढंच राहिलंय. १९४० साली अमेरिकेत युद्धाच्या उत्पादनासाठी लाखो नवखी माणसं कारखान्यांत येऊ लागली. त्यांना झटपट तयार करायला सुपरवायझरना शिकवण्याचा एक सरकारी कार्यक्रम सुरू झाला, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री. युद्धानंतर तो अमेरिकेत मागे पडला, पण जपानमध्ये गेला आणि तिथे रुजला, टोयोटानेही तो घेतला. त्याचं सूत्र होतं: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. पद्धत चार टप्प्यांची. माणसाला मोकळं करा आणि त्याला काय येतं ते विचारा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि मग मध्येमध्ये येऊन बघत राहा.

दाखवताना तीन गोष्टी सांगायच्या: टप्पा, त्यातली खुबी, आणि त्या खुबीचं कारण. बोअर गेजचं, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायच्या गेजचं, उदाहरण घ्या. ट्रेनीला आपण सांगतो, "गेज आत घाल, माप वाच." तो घालतो, वाचतो, माप चुकतं, आपण ओरडतो. त्याऐवजी असं सांगा. टप्पा: गेज बोअरमध्ये घाल. खुबी: हलकेच पुढे-मागे डुलव आणि काटा जिथून मागे वळतो तेच माप धर. कारण: गेज तिरका असला की तिरकं अंतर मोजलं जातं आणि ते खऱ्या व्यासापेक्षा मोठं असतं, सरळ झाला की सगळ्यात लहान माप मिळतं. मग गेज त्याच्या हातात द्या आणि तो डुलवत असताना त्याला मोठ्याने बोलायला लावा: काय करतोय, खुबी काय, कारण काय. कारण त्याच्या तोंडून आलं की तो शिकला. नुसती मान डोलावली तर अजून नाही. एकदा नीट दिलेली ही २० मिनिटं पुढचे दोन महिने तुमच्या फेऱ्या वाचवतात.

ही वेळ शिफ्टमध्ये कुठून आणायची, हा प्रश्न येणारच. ऑफसेट मारत फिरण्यात जाणाऱ्या वेळातूनच ती निघते, पण पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही कामं अंगावर पडतील. तेवढी तयारी ठेवा आणि साहेबांनाही आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट साहेबांना आधी सांगा, नाहीतर तुम्हीच अडचणीत याल. हे काम नीट सुरू झालं की सुरुवातीला तुमचं नोंदलेलं रिजेक्शन वाढेल. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, औषधं देताना होणाऱ्या चुकांचा. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये जास्त चुका नोंदलेल्या. कारण तिथली माणसं चूक झाली की बोलत होती, बाकीच्या ठिकाणी झाकत होती. पुढे १९९९ साली त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे बोललं तर आपली शोभा होणार नाही असा विश्वास होता, तिथल्या टीम शिकत होत्या आणि त्यांचं कामही चांगलं होतं.

तुमच्या लाईनवर याचा अर्थ अगदी साधा आहे. शिफ्ट संपताना खराब पिसांची लाल ट्रे रिकामी दिसली की खूश होऊ नका. खराब पीस कुठे जातात ते तुम्हाला १० वर्षं ऑपरेटर राहून चांगलं ठाऊक आहे. कोणी बर्‍याच्या ढिगात मिसळतो, कोणी चिपच्या बिनमध्ये टाकतो. माणूस पहिला खराब पीस स्वतःहून तुमच्या हातात देतो, तेव्हा तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य पुढच्या वर्षभराची टीम ठरवतं. "अरे देवा, परत?" म्हणालात तर दुसरा पीस तुम्हाला दिसणार नाही. "बरं झालं लगेच आणलास, चल बघू" म्हणा आणि खरोखर त्याच्याबरोबर मशीनपर्यंत चालत जा. चालत जाणं महत्त्वाचं. अँडनची दोरी, म्हणजे काही अडलं की कामगार ओढतो ती इशाऱ्याची दोरी, ओढली की टोयोटात टीम लीडर आधी त्या जागेवर येतो, मदतीला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता, दर्जा आणि गैरहजेरी दोन्हींसाठी बदनाम. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला आणि कामगार बहुतांश जुनेच, युनियनही तीच. लाईन थांबवायचा हक्क त्यांच्या हातात आला, हाकेला माणूस धावून येऊ लागला, आणि गाड्यांचा दर्जा सुधारला. "आपल्याकडची माणसंच तशी" असं कोणी म्हणालं की मला फ्रीमाँट आठवतं.

चूक सांगायची मात्र असतेच, आणि ती कशी सांगता यावर बरंच अवलंबून आहे. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्रित अभ्यास केला. एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम आणखी बिघडलं होतं. बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की असं होण्याची शक्यता वाढते, असं त्यांचं म्हणणं. मला हे शॉप फ्लोअरवर रोज दिसतं. "तू निष्काळजी आहेस" याला कुठलाही माणूस उत्तर देऊ शकत नाही, फक्त मनात धरू शकतो. "इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलल्यावर पहिला पीस क्वालिटीला दाखवायचा राहिला, आणि पुढचे सात पीस गेले" याला उत्तर आहे. काय झालं, त्याने काय घडलं, पुढच्या वेळी काय करशील. तिसरा भाग त्यालाच बोलू द्या आणि मग तिथून हला. चारचौघांत तर अजिबात नको. तारीफ करतानाही हाच नियम लावा. "शाबास, मस्त" दोन दिवसांत विरून जातं. "काल सेकंड शिफ्टला टूल ऑफसेट बदललास ते लॉगबुकमध्ये लिहून ठेवलंस, म्हणून नाईटवाल्यांचा अर्धा तास वाचला" हे माणूस घरी जाऊन सांगतो.

आता जुने मित्र. मला वाटतं तुमचा खरा सल इथे आहे, बाकीचं त्याच्या भोवतीनं आलंय.

मी सुपरवायझर झालो तेव्हा माझा सगळ्यात जवळचा मित्र माझ्याच लाईनवर होता. आम्ही एकाच खोलीत भाड्याने राहिलेलो. प्रमोशनसाठी त्याचंही नाव होतं. मी त्या विषयावर त्याच्याशी बोललोच नाही. वाटलं, आपोआप निवळेल. तीन महिने मी त्याच्या मशीनजवळ कमी थांबायचो, त्याला अवघड वाटू नये म्हणून. त्याला वाटलं, पद मिळाल्यावर हा ओळख विसरला. शेवटी त्याने दुसरी शिफ्ट मागून घेतली. मैत्री नंतर जुळली, पण त्याला काही वर्षं लागली. तुम्ही ही चूक करू नका.

एकेकाला गाठा, लाईनवर नको, केबिनमध्ये तर नकोच. गेटबाहेर चहाला. आणि आडवळण न घेता सांगा: "मला हे काम नवीन आहे. तुझ्याशी मी पूर्वीसारखाच वागेन, पण कामाच्या वेळेत तुला आणि इतरांना नियम एकच लावावा लागेल. मी कुठे चुकतोय असं वाटलं तर चहाला सांग, लाईनवर नको." मग विचारा, "माझ्याकडून तुला काय हवंय?" आणि पुन्हा तेच, ११ सेकंद गप्प बसा. तो राग काढेल. काढू द्या. प्रमोशन हुकल्याचं दुःख खरं असतं, त्यावर समजुतीचं बोलून पाणी ओतू नका.

हाक मारण्याचंही बघा, ही गोष्ट बारीक वाटते पण माणसं यावरूनच माप घेतात. जो कालपर्यंत तुम्हाला अरे-तुरे करायचा त्याने आता "साहेब" म्हणावं अशी अपेक्षा धरू नका. म्हणाला तर थांबवा. जे वयाने मोठे आहेत त्यांचे "दादा", "काका" तसेच राहू द्या. "काका, हे जरा बघता का" म्हटल्याने हुकूम हलका होत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टच्या मुलांना नावाने हाक मारा. "ए कॉन्ट्रॅक्ट, इकडे ये" हे मी आजही ऐकतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहारमधून आलेला पोरगा, आठ जणांत एक खोली घेऊन राहणारा, त्याचं नाव दोन महिन्यांनंतरही इन्चार्जला माहीत नसेल तर त्याने दर्जाची काळजी कोणासाठी करायची?

याच मुद्द्यावर एक सावधगिरीही सांगतो. जिथे उणीव माणसात नाही तिथे कोचिंग लावू नका. स्पिंडलचं बेअरिंग गेलंय, मशीनच्या सायकल टाईममध्ये (एका पिसाला लागणाऱ्या वेळात) बसणार नाही एवढं टार्गेट आहे, चार माणसांचं काम तिघांवर आहे, शेजारी शेजारी उभं राहून तेच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात मोठी तफावत आहे. या गोष्टी प्रश्न विचारून सुटत नाहीत. त्या तुम्हाला वर न्याव्या लागतील, आकडे घेऊन. माणसं बघत असतात की आमच्याकडून ऐकलेलं हा वर नेतो की नाही. एकदा नेलंत, काम झालं नाही तरी "नेलं होतं, सध्या हो म्हणाले नाहीत, पुढच्या महिन्यात परत विचारणार आहे" एवढं परत येऊन सांगितलंत, तरी विश्वास राहतो. आणि सुरक्षिततेच्या बाबतीत प्रश्न-उत्तरं अजिबात नाहीत. दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा स्विच) बायपास केलेला दिसला, तर मशीन बंद, आधी हुकूम. बोलणं नंतर.

साहेबांनाही एक प्रश्न तुम्ही विचारायला हवा: "टीम बरोबर चाललीय हे तुम्हाला तीन महिन्यांनी कशावरून कळेल?" बऱ्याच जणांनी त्याचा विचार केलेला नसतो. उत्तर रिजेक्शनच्या आकड्यात आलं तर आधी सांगितलेली गोष्ट त्यांना त्याच वेळी सांगा, की पहिला महिना आकडा वर जाईल. ते लोणावळ्याला एक दिवसाची टीम बिल्डिंग ट्रिप सुचवतील कदाचित. जरूर जा, माणसं हसतात-खेळतात, चांगलंच आहे. पण त्या एका दिवसाच्या बदल्यात शिफ्ट सुरू होतानाची रोजची पाच मिनिटं सोडू नका. मशीनजवळ उभ्यानेच. काल काय अडलं, आज काय वेगळं आहे, कोणाला मदत लागेल. बोलायचं त्यांनी. रोज वेगळ्या माणसाने सुरुवात करायची.

उद्यापासून १८ जणांवर हे सगळं एकदम करू नका. दोन माणसं निवडा: एक जो सगळ्यात जास्त वेळा विचारायला येतो, आणि एक तुमचा जुना मित्र. खिशात छोटी डायरी ठेवा. पहिल्याने काही विचारलं की रेघ मारा, आणि हात न लावता त्याच्याकडूनच उत्तर निघालं तर त्या रेघेवर गोल करा. दोन आठवड्यांनी रेघा किती आणि गोल किती ते मोजा. दुसऱ्याला शनिवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर चहाला न्या.